सिंगल स्पीडला बाबांच्या रॅलेचा बगळेवाला क्रँक बसेल का?

मानेवाड्याची_सायकलवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट आहे. हसायचं तर हसून घ्या, पण मग उत्तरही द्या.

मी नागपुरात मानेवाड्याहून सदरला ऑफिसात सायकलने जाते, जाऊन-येऊन 18-19 किलोमीटर. दीड वर्षापूर्वी एक स्वस्तातली सिंगल स्पीड घेतली. पुढे 46 दात, मागे 16 दातांचं फ्रीव्हील (पाय थांबवले तरी सुटं फिरणारं मागचं दातेरी चाक), क्रँक म्हणजे पायडलचा दांडा 170 मिमीचा. माझी उंची 4 फूट 11 इंच. सकाळी गार हवेत ठीक चालते, पण संध्याकाळी लोहापुलाखालून वर येताना उभं राहून पायडल मारावं लागतं, आणि उजवा गुडघा आता रोज तक्रार करून राहिला. दुकानदार म्हणाला, "ताई, गिअरवाली घ्या." मला गिअरवाली नको. रस्त्यात कमी गोष्टी बिघडाव्यात म्हणून तर ही घेतली.

आता खरी गोष्ट. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. पहिल्या पाळीला रॅलेवर जायचे, आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात बनलेली, 24 इंची काळी. बाबा गेले, मिल त्याआधीच बंद पडली, सायकल मागच्या अंगणात गंजत पडली. मागच्या दिवाळीत मी घरी नसताना दादाने साफसफाईच्या नावाखाली ती भंगारवाल्याला देऊन टाकली. नशीब, त्याच्या आदल्या महिन्यात मी मिस्त्रीकडून क्रँक उतरवून ठेवले होते. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पुढच्या दातेरी चाकात, तीन बगळ्यांची डोकी कापलेली आहेत. लहानपणी बाबा सायकल उलटी उभी करून पायडल फिरवायचे आणि मी बगळे मोजायची.

रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून, तारेच्या ब्रशने घासून काढलं. क्रोम अजून अर्ध्याहून जास्त शाबूत आहे. खडूने खूण करून दात दोनदा मोजले: 46. म्हणजे आत्ता आहेत तितकेच! क्रँक मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर 165 मिमी. कॉटर पिनवाले क्रँक आहेत, म्हणजे एक्सलला (मधल्या आसाला) आडवी पिन ठोकून बसवलेले. चेनव्हील उजव्या क्रँकला पक्कंच आहे, वेगळं होत नाही. डाव्या बाजूची पिन काढताना मिस्त्रीने हातोडीने तिचं डोकं चेपून टाकलं. एक कप (छर्ऱ्यांची वाटी) आणि एक्सलही आहे, पण दोन्हीवर छर्ऱ्यांचे खड्डे पडलेत.

तर हे माझ्या नव्या सायकलीत बसेल का? आणि बसलं तर मी रोज चालवू शकेन, की नुसतं भिंतीवर लावायचं?

---

खामला_कॅडेन्स

ताई, भावना समजतात, पण भिंतीवर लावा. स्टीलचे कॉटर क्रँक जड असतात, आणि पिन ढिली झाली की प्रत्येक फेऱ्याला टक-टक. आजकाल 165 चे, अगदी 160 चेही अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी टेपरवाले क्रँक मिळतात, एक्सलच्या चौकोनी निमुळत्या टोकावर बसणारे, बिनपिनेचे. तुमचं आत्ताचं बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, फ्रेममधला कप-एक्सलचा सेट) राहील, वीस मिनिटांचं काम.

अनोखंच काही हवं असेल तर माझ्यासारखं करा. जुना रोड डबल क्रँक घ्या, पुढे दोन दातेरी रिंगांचा, 130 बी.सी.डी.चा (रिंगेच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), बाहेरची रिंग काढून टाका आणि 39 दातांची आतल्या जागेवर ठेवा. रोड डबलच्या दोन रिंगांमधली रेषा फ्रेमच्या मध्यापासून 43.5 मिमीवर असते, आतली रिंग साधारण 41 वर येते. सिंगल स्पीड हबची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) 42 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सरळ. मागे 15 लावलं की 39 भागिले 15, गिअर 2.6. लंबगोल रिंगही लावून पाहिली, 1980 च्या दशकात शिमानो कंपनीने बायोपेस नावाची काढली होती ना, त्यातली जुनी. लोक म्हणतात चेन ढिली-घट्ट होईल. होते, पण किंचित. फ्रीव्हीलवर काही त्रास नाही.

---

कॉटरपिन_काका

खामल्याचे भाऊ, तुमचं सगळं बरोबर. पण पोरीने विचारलं काय आणि तुम्ही विकून काय राहिले!

बेटा, बसेल. मी चाळीस वर्षं याच पिना ठोकल्या. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर: तुझ्याकडचा जुना कप आणि एक्सल विसरून जा. रॅले मूळची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, तिचं बी.बी. आपल्या जगापेक्षा वेगळं होतं, इंचाला 26 आटे. तुझ्या नव्या फ्रेमला बहुतेक इंचाला 24 असतील. रॅलेचा कप त्यात जाणार नाही, आणि जबरदस्तीने घातलास तर फ्रेमचे आटे खाऊन टाकील. माझ्याकडे असं करून आणलेली फ्रेम आली होती. कप तिरका घुसवलेला. रडायचं बाकी होतं.

मग काय करायचं? आपल्या साध्या काळ्या सायकलीचा बी.बी. सेट आण. दोन कप, कॉटरचा एक्सल, पाव इंची छर्रे. गांधीबागेत, महालात जुन्या दुकानात मागशील तर दुकानदार डोळे मिटून काढून देईल. क्रँक सोबत घेऊन जा आणि एक्सलवर चढवून बघ, सैल डोलायला नको. कप हाताने दोन-तीन आटे फिरला पाहिजे. उजव्या कपाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेव. हाताने फिरला नाही तर तिथेच थांबायचं, पान्हा लावायचा नाही.

एक्सलच्या दोन बाजू सारख्या नसतात, लांब बाजू चेनकडे. आता चेनलाइन. सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) व्यास मोज. 28.6 मिमी असेल तर त्याचं अर्धं 14.3. त्यात ट्यूबच्या पृष्ठभागापासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर मिळव. बेरीज 42-43 आली की उत्तम. दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पाच गेलं तर चेन कुरकुरेल, मग दुसऱ्या लांबीचा एक्सल. आणि चेनव्हील नि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यात तीन-चार मिमी फट हवीच, जोर दिला की फ्रेम वाकते थोडी.

पिन. इथेच सगळे मार खातात. जुनी पिन परत वापरायची नाही, नवी घ्यायची. पिनचा सपाट भाग कानशीने थोडा-थोडा घासून, एक्सलच्या सपाट खाचेवर पूर्ण टेकतो की नाही ते बघायचं. नुसत्या एका टोकाला टेकला तर आठवड्यात ढिली. दोन्ही पिनांची दिशा जुळव: उजवा क्रँक खाली असताना नट मागे असेल, तर डावा खाली आल्यावर त्याचाही नट मागेच आला पाहिजे. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत बसत नाहीत, चालवणाऱ्याला वाटतं आपलाच पाय तिरका पडतोय.

ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावायचा, जमिनीला टेकलेला. म्हणजे घाव पाइपमधून जमिनीत जातो, छर्ऱ्यांत नाही. तुझ्या मिस्त्रीने हेच केलं नसेल, म्हणून पिनचं डोकं चेपलं. काढतानाही तोच पाइप, नट पिनच्या टोकाशी बरोबरीत ठेवायचा आणि एकच दणका. दहा हलके घाव म्हणजे दहा वेळा पिन फुगवणं. आणि पिन ठोकून आत बसवायची, नटाने ओढून नाही. नट फक्त धरून ठेवतो. पहिल्या 15-20 किलोमीटरनंतर पुन्हा एक ठोका आणि नट कस. मग वर्षभर विसर.

---

गोरेवाडा_हळूहळू

काकांनी बसवण्याचं सांगितलं, मी चालवण्याचं सांगतो. गुडघ्याचं खरं कारण क्रँक कमी आणि ते 16 चं फ्रीव्हील जास्त आहे.

46/16 म्हणजे 2.875. 700x32 टायरचा घेर साधारण 2.15 मीटर धरा. एका फेऱ्याला 6.2 मीटर. मिनिटाला 75 फेरे मारले तर ताशी 28 किमी! नागपूरच्या सिग्नलांत 28 ने कोण चालवून राहिलं? म्हणून तुम्ही नेहमी 50-55 फेऱ्यांवर, गुडघ्यावर जोर देत जाता. 46/18 केलं तर 5.5 मीटर, 75 फेऱ्यांना ताशी 25 च्या जरा खाली. 46/20 ला 22. वाऱ्याविरुद्ध रोज यायचं असेल तर 20 चाही विचार करा, पण मी 18 पासून सुरुवात केली असती. काळ्या सायकलीचं 18 दातांचं साधं फ्रीव्हील तुमच्या हबवर बसायला हवं, आटे तेच.

16 चं 18 केलं की चाक साधारण 6 मिमी पुढे घ्यावं लागेल. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असेल तर चेन तीच चालेल, कडी वाढवायला नको.

आणि 165 चा फायदा आहेच. क्रँक 5 मिमी आखूड, म्हणून सीट 5 मिमी वर. मग पायडल वरच्या टोकाला असताना गुडघ्याला 10 मिमी जास्त मोकळीक मिळते. तुमच्या उंचीला हे लहान नाही. बदल्यात तरफ 3 टक्के कमी होते, ते 18 चं फ्रीव्हील भरून काढतं.

---

मानेवाड्याची_सायकलवाली

तीन आठवडे झाले, आता सांगते.

काकांचा संदेश छापून घेऊन गेले. पहिला मिस्त्री वाचायलाही तयार नव्हता. "कॉटर कोण लावतं आता?" म्हणे. महालात दुसरे भेटले, साठीचे. त्यांनी बगळे बघितले, हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "हे कुठून आणलं बाई?" पुढे मला काही सांगावंच लागलं नाही. पाइपचा तुकडा त्यांच्याकडे आधीपासून होता, कोपऱ्यात, टोकाला चेपलेला.

कप हाताने फिरला. पहिल्या एक्सलने बेरीज 47 आली, चेनव्हील बाहेर पडून राहिलं होतं. दुसरा एक्सल लावला, 43. चेनस्टेपासून फट जेमतेम चार मिमी. फ्रीव्हील 18 चं टाकलं, चेन तीच, चाक खाचेत पुढे सरकलं. मजुरी आणि सामान मिळून 640 रुपये. खामल्याचे दादा, तुमचा 165 चा क्रँक एवढ्यात आला नसता.

दुसऱ्या दिवशी मेडिकल चौकापर्यंत गेले आणि डावीकडे टक. एका फेऱ्याला एक टक. घाबरले, मग काकांची ओळ आठवली. परत गेले, त्यांनी एक ठोका मारला, नट कसला. तेव्हापासून गप्प आहे.

चेनव्हील थोडं वाकलेलं निघालं. अर्ध्या फेऱ्यात चेन घट्ट, अर्ध्यात ढिली. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा लावून दोनदा दाबून बरंच सरळ केलं. जे राहिलं ते राहिलं. सगळ्यात घट्ट जागी चेन बोटभर हलली पाहिजे एवढं बघून चाक आवळलं.

लोहापुलाचा चढ आता बसून चढते. हळू चढते, रिक्षावाले हॉर्न वाजवतात, वाजवू दे. गुडघा आठवड्यातून एखाद्या दिवशी बोलतो, रोज नाही. सपाट रस्त्यावर आणि उतारात पाय रिकामे फिरतात, तेवढी 16 ची आठवण येते.

दादाने रविवारी बघितली. काही बोलला नाही. सायकल स्टँडवर उभी होती, तर मागचं चाक उचलून पायडल फिरवून बघितलं त्याने. भंगाराचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही.

एकच अडचण राहिली. आधीच्या क्रँकला प्लॅस्टिकचं गोल कव्हर होतं, याला काहीच नाही, आणि काल सलवारची कड बगळ्याच्या चोचीत गेली. गिट्टीखदानला जायच्या सिग्नलवर एका पायावर उड्या मारत उभी होते. चेन कव्हर लावलं तर बगळे झाकतात. काय करू?

---

कॉटरपिन_काका

तुझे बाबा काय करायचे? पँटला स्टीलची क्लिप. ती अजून मिळते, दहा-वीस रुपयांत. सलवारला दोन लाव, एक घोट्यावर, एक त्याच्या चार बोटं वर. आणि उजवा पायच, डाव्याला गरज नाही.

आणि त्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. पाइप जपून ठेव म्हणावं.