मदत हवी आहे: पुराच्या दिवसांत सर्व्हर टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग दाखवणारी छोटी साइट मी सांगलीतून चालवतो. एरवी शुकशुकाट असतो, पण पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडे सरकली की सगळे एकदम येतात आणि नेमकी तेव्हाच साइट झोपते. २०१९चा महापूर पाहिलेल्या माणसाला त्या वेळी कोरं पान दिसणं मला सहन होत नाही.

सर्व्हर १ कोअर, १ जीबी रॅमचा. उबुंटू, अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), वर्डप्रेस. लॉगमध्ये दिसतं की अपाचीच्या प्रोसेस वाढतात, मेमरी संपते आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मायएसक्यूएल या डेटाबेसलाच मारतो.

थेट ४ जीबीचा प्लॅन घ्यावा, की आधी एन्जिनएक्स (अपाचीपेक्षा हलका वेब सर्व्हर) आणि पेज कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) लावून बघावं? पान सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे माझा कल कॅशकडे आहे. भीती एकच, जुनी पातळी दिसत राहिली तर? नवा आकडा भरताच कॅश खात्रीने रिकामी कशी करता?

आणखी एक, पावसाळ्यापुरतं रॅम-सीपीयू वाढवून नंतर कमी करता येतं का? डिस्क वाढवली की मागे फिरता येत नाही, असं ऐकलंय. कुणी केलं असेल तर नीट सांगा, पाऊस तोंडावर आलाय.