लिहायला विषयच सुचत नाहीयेत, तुम्ही कुठून आणता?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली ललित लिहितोय, चाळीसेक लेख झाले असतील. आजोळ लिहून झालं, पहिला पाऊस झाला, आईच्या हातची भाकरी झाली आणि आता तीन महिने पहाटे उठून वही उघडतो नि तशीच मिटून कंपनीत जातो. एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर गेज (माप तपासायची साधनं) आणि रिपोर्ट, त्यात लिहिण्यासारखं काय असणार. जे वर्षानुवर्षं लिहितायत त्यांचे विषय संपत कसे नाहीत? मनापासून विचारतोय.

गोदाकाठ:
दादा, तुमच्या आठवणी लिहून संपल्यात, विषय कुठे संपलेत? माझंही असंच झालेलं. आपण नाशिकवाले लहानपणापासून पूर आला की विचारतो ना, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, गुडघ्याला का कमरेला, मीही तेवढंच विचारायचो. २०१९ च्या पुरात मारुती पूर्ण बुडाला, पाणी ओसरल्यावर भांडी बाजारात एका ओळखीच्या दुकानात चिखल काढायला गेलो होतो, तिथल्या काकांना सहज विचारलं, पाणी चढायला लागलं की पहिलं काय उचलता? मला वाटलं गल्ला म्हणतील. तर म्हणाले, दुरुस्तीला आलेली लोकांची भांडी. आपला माल गेला तर आपला गेला, दुसऱ्याच्या आईचा हंडा गेला तर त्याला काय तोंड दाखवायचं. मी हातातलं फावडं ठेवून तिथंच मोबाइलवर लिहून घेतलं. मग १९६९ च्या पुरात तुमच्या वडिलांनी काय केलेलं हे विचारलं, त्यातून अजून एक लेख निघाला. एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, बास.

बागाईतदार_निफाड:
गोदाकाठ भाऊंचं एकदम बरोबर. माझी तर तीच अडीच एकर द्राक्षबाग, तेच वेल, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वीस वर्षं तेच. पण एक सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर दिसतो ना, तो तेव्हा तयार होत नाही, तो उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, धरलेला असतो. त्या दिवसांत आभाळ राहिलं, काडीला ऊन कमी पडलं, तर पुढं घड जिरतात, नुसती बाळी (वेल आधाराला धरतो तो तंतू) निघते, मग वरून कितीही औषध मारा, नसलेला घड येत नाही. लिहिण्याचंही मला असंच वाटतं. तुम्ही पहाटे वही उघडता ती झाली ऑक्टोबर छाटणी, पण उन्हाळ्यात डोळ्यात काय भरलं?
माझी फवारणीची वही असते, तारीख, औषध, प्रमाण. तिच्या मागच्या पानावर मी रोज एक न समजलेली गोष्ट लिहितो. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात विरळणीला, त्यातल्या मावशी आपसात बोलतात त्यातला एखादा शब्द नाही कळला की विचारायचा, आणि कसा म्हणतात ते तसंच लिहून ठेवायचं. चार वह्या भरल्यात. त्यातलं निम्मंसुद्धा अजून वापरलेलं नाही.

शांतपणे:
एवढं मनावर घेऊ नका राव. दोन महिने लिहूच नका, आपोआप सुचेल.

मोडीवेडी:
शांतपणे, मला नाही पटलं हे. विश्रांती घ्यावी जरूर, पण नुसतं थांबून मला कधीच काही सुचलं नाही, काहीतरी नवं शिकायला लागले की मात्र सुचलं. मी शाळेत शिक्षिका होते, पांडवलेण्याला किती सहली नेल्या त्याची गणती नाही, मुलं मोजायची, डबे खायचे आणि परत. रिटायर झाल्यावर मोडी लिपी शिकले, आजोबांचं खरेदीखत अडखळत का होईना वाचलं, आणि मग जुन्या अक्षरांचं वेडच लागलं. तेव्हा कळलं की ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मीत, प्राकृत भाषेत, गेलेल्या मुलाबद्दल आईने कोरून घेतलेला. त्यात त्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला, ‘तिसमुदतोयपीतवाहन’ म्हटलंय, म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. तीस वर्षं मी त्या भिंतीजवळ उभी राहून हजेरी घेत होते हो. मला रडू आलं होतं तिथे.
आणि अजून एक करा, सातपूरकर. तुमचा दोन वर्षांपूर्वीचा एक लेख काढा आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा, ‘सुंदर’ आणि ‘मन’ किती वेळा आलंय मोजा. माझ्या एका पानात ‘मन’ अकरा वेळा होतं. प्रत्येक ठिकाणी नेमकं काय म्हणायचं होतं ते शोधताना जुना लेख बाजूलाच राहतो आणि नवा सुरू होतो.

सातपूरकर:
सगळ्यांचे खूप आभार. काल सेकंड शिफ्टला आमच्या जुन्या ऑपरेटर काकांना विचारलं की मी गेज लावायच्या आधीच तुम्ही मशीनचं कापायचं टूल झिजून गेलं कसं म्हणता. ते म्हणाले आधी आवाज बदलतो, मग निघणाऱ्या चिपचा, म्हणजे धातूच्या किसाचा, रंग बघायचा, आणि मला मशीनपाशी उभं करून डोळे मिटायला लावले. पाच-सात जॉब नुसतेच ऐकले, शेवटच्या दोनात फरक कळला असं वाटलं. आठ वर्षं त्याच शॉपमध्ये आहे मी, कधी ऐकलंच नव्हतं. घरी आल्यावर दीड पान झालं, अजून त्या आवाजाला शब्द सापडत नाहीये, खर्र नाही आणि किर्रही नाही, आज परत जाऊन ऐकणार आहे.
मोडीवेडी ताई, मोडीचा क्लास संध्याकाळी सातनंतर कुठे असतो का? रविवारीही चालेल.