डावखुऱ्या मुलाचा हात बदलावा का? विश्रांतीतल्या मेंदूचा पुरावा कितपत ग्राह्य धरायचा?

वर्धाकाठचा गुरुजी (धागाकर्ता):
आमच्या भागातील काही शाळांत आजही पहिलीतल्या डावखुऱ्या मुलाची पेन्सिल काढून उजव्या हातात दिली जाते, आणि पुष्कळदा तसा आग्रह घरूनच येतो. ही सक्ती थांबावी असे माझे मत आहे आणि त्याला मेंदूविज्ञानाचा आधार आहे. माणूस एमआरआय यंत्रात काहीही न करता पडून असतानाही हालचालींशी संबंधित डाव्या व उजव्या भागांतील संकेतांचे मंद चढउतार परस्परांशी जुळलेले असतात, हे भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्यातील सुमारे ९,००० जणांच्या मेंदूप्रतिमा तपासल्या, तेव्हा डावखुऱ्यांच्या मेंदूत भाषेशी निगडित दोन्ही बाजूंच्या भागांचा ताळमेळ अधिक आढळला. हात स्वस्थ असतानाही जो फरक दिसतो, तो छडीच्या धाकाने पुसला जाईल हे मला पटत नाही.

काळी माती, दर्यापूर:
गुरुजी, छडीला माझाही विरोध आहे. परंतु आपला पुरावा आपल्या निष्कर्षापर्यंत पोहोचत नाही. गोठ्यात रवंथ करणाऱ्या जोडीकडे पाहून तिफणीला कोणता बैल कोणत्या बाजूने चालतो हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय हजारो लोकांच्या सरासरीत दिसलेल्या फरकावरून आपल्या वर्गातील एका मुलाविषयी काय ठरवणार? आमच्याकडे कापूस वेचताना दोन्ही हात सारखेच चालतात, पण सोयाबीनच्या सोंगणीला ओळीत बसल्यावर डाव्या हाताने विळा चालवणारा शेजारच्याच्या हाताला लागू शकतो, आणि बाजारातले बहुतेक दातेरी विळे उजव्या हातासाठीच घडवलेले असतात. प्रेमाने, लहानपणीच उजव्या हाताची सवय लावली तर त्यात अन्याय कोणता?

वर्धाकाठचा गुरुजी:
सवय लागते, पण मूळ कल जात नाही. लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावलेल्या डावखुऱ्या प्रौढांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे उजव्या हाताने सराईतपणे लिहीत असतानाही त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूचे काही भाग जन्मतः उजव्या हाताच्या लोकांपेक्षा अधिक सक्रिय राहिले होते.

काळी माती, दर्यापूर:
म्हणजे ती माणसे सराईतपणे लिहू लागली, हे आपणच सांगितले. मेंदूने वेगळी वाट काढली. त्याला नुकसान कसे म्हणायचे?

उपजिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट:
भाऊ, आपला बैलांचा दाखला अर्धाच लागू पडतो. अर्धांगवायूच्या रुग्णांत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हालचाल-केंद्रांमधला विश्रांतीच्या स्थितीतील दुवा क्षीण झालेला आढळतो, आणि हाताची कमजोरी व हा दुवा यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. म्हणजे विश्रांतीतला मेंदूही पुष्कळ काही सांगतो. मात्र गुरुजी, आपण ऑक्सफर्डच्या ज्या कामाचा दाखला दिला, त्यातला फरक भाषेच्या भागांचा होता, हाताच्या हालचालींच्या भागांचा नव्हे. ही गल्लत टाळायला हवी. या तपासण्यांत यंत्रात पडलेल्या माणसाचे डोके किंचित जरी हलले, तरी नसलेले फरक दिसू लागतात, म्हणून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना फार जपून करावी लागते. खात्रीने सांगता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: हालचालींचे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या हाताची सूत्रे मुख्यतः उजव्या अर्ध्या मेंदूकडे असतात. मूल कोणत्या हाताने वस्तू उचलते हे अंगणात बसून दिसते. त्यासाठी नागपूरला जाऊन एमआरआय काढण्याचे कारण नाही.

काळी माती, दर्यापूर:
ताईंचे म्हणणे मान्य. मग लिहिण्यापुरता शाळेने मुलाचा हात त्याच्यावर सोडावा. विळा मात्र मी माझ्या मुलाला उजव्या हातातच देईन. तो निर्णय ओळीत बसणाऱ्या मजुरांच्या बोटांचा आहे, मेंदूचा नाही.

वर्धाकाठचा गुरुजी:
भाषेच्या भागांबाबतची दुरुस्ती स्वीकारतो. सक्तीविरुद्धचे मत तेवढ्याने बदलत नाही. विळ्याबद्दल एवढेच, की गावच्या लोहाराला सांगितले तर तो डाव्या हाताचे दातेही पाडून देतो, आणि ओळीच्या डाव्या टोकाला बसवले की त्या हाताला शेजारी उरत नाही.