युगांडात हापसे दुरुस्तीला सहा महिने जाऊ का?

माणदेशी_२६:
नमस्कार मंडळी. मी म्हसवडकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, गेली चार वर्षं तालुक्यात हापशांची दुरुस्ती करतोय. पूर्व युगांडात, तेसो भागात पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेनं सहा महिने स्वयंसेवक म्हणून बोलावलंय. राहणं-खाणं त्यांचं, विमानाचं तिकीट माझं. साठवलेल्या पैशांना हात घालावा लागेल. आई म्हणते, "आपल्याच गावाला टँकर लागतोय आणि तू तिकडं कुठं पाणी काढायला निघालास?" तिला काय सांगावं कळत नाही. माझा तिथं खरंच उपयोग होईल का? कुणी राहून आलं असेल तर मोकळेपणानं लिहा.

सोरोटीत_१४_महिने:
मी पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर. सोरोटी आणि काटाक्वीकडच्या गावांत चौदा महिने काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथल्या हापशाला 'यू-टू' म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा दांड्यावर हात ठेवून मी उभीच राहिले. आपला इंडिया मार्क-टू! जालन्यात मिशनच्या पाणी-कामातून निघालेला पंप, मग सोलापूर पंप, आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साथीनं झालेला मार्क-टू. तोच थोडाफार बदलून तिकडं उभा आहे. खाली खडकही कठीणच, फक्त आपल्यासारखा बेसाल्ट नाही, ग्रॅनाइट-नाईस. त्यामुळे यंत्र तुम्हाला परकं वाटणार नाही.

परकं आहे ते पाणी. मी गेले त्या बऱ्याच गावांत भूजल आम्लधर्मी होतं. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आतून खाल्ला जातो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही एका गावात आम्ही तिपाई लावून बारा पाइप वर काढले, खालच्या चारांना भोकं पडलेली पाहिली आणि नवे जीआय पाइपच टाकले, कारण संस्थेच्या गोदामात तेच होते. पाणी आलं, बायका नाचल्या, फोटो निघाले, अहवाल गेला.

सात महिन्यांनी परत गेले तर हापशाभोवती गुडघाभर गवत. बायका पिवळे जेरीकॅन घेऊन दलदलीकडे चाललेल्या. त्यातल्या एकीनं मला हाताला धरून घरी नेलं. हापशाचं पाणी चुलीवर ठेवलं, चहाची पूड टाकली. चहा शाईसारखा काळा झाला. मग मुलाचा शाळेचा पांढरा सदरा दाखवला, सगळा तांबूस. ती एक शब्द बोलली नाही.

सोबतच्या स्थानिक मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी पहाटे पहिलं पाणी एका बाटलीत भरलं, वीस मिनिटं हापसलं आणि दुसरी बाटली भरली. पहिली तांबडी, दुसरी निवळ. लोह जमिनीतलं असतं तर दोन्ही सारख्याच तांबड्या असत्या. म्हणजे ते आमच्या पाइपातलं. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं. पुढे स्टेनलेस स्टीलचे पाइप मिळवायला पाच महिने भांडले. ते मुलं आजारी पडायचे पाच महिने मला अजून छळतात.

तेव्हा होकार देण्याआधी संस्थेला विचारा: पाइप कसले वापरता? सामू मोजता का? मी कोणत्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करणार? हो, हाताखालीच. पाइप उपसणं त्या लोकांना तुमच्याइतकंच येतं. सुट्या भागांचं गोदाम लावणं, आटे पाडणं, कुठला हापसा का बंद पडला याची नोंदवही ठेवणं असं नेमकं काम असेल तर जरूर जा. नुसते 'सहा महिन्यांत इतके बोअर' असं उत्तर आलं तर तिकिटाच्या पैशात तिथल्या माणसाची मजुरी निघेल, ते पाठवून द्या. आईचं म्हणणं खोटं नाही, पण ती अडवत नसेल, घाबरली असेल. तिला सांगा, तिथं नाचणी पिकते आणि घट्ट उकड करून खातात. माझ्या आईची निम्मी काळजी तिथंच मिटली होती.

परिचारिका_सातारा:
पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, तीही अधिकृत केंद्रातच. लस घेतल्याचं पिवळं कार्ड जन्मभर चालतं. ते जपा, परत येताना भारतातही विचारतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, आल्यावरही सांगतील तितके दिवस घ्या. परतल्यानंतर महिन्यांनी ताप आला तरी 'मी युगांडात होतो' हे पहिलं वाक्य असू द्या. आणि व्हिसा कामाला चालेल असा आहे ना, ते संस्थेकडून लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर काम करू नका.

माणदेशी_२६:
ताई, विचारलं. गोदामात जीआयच आहेत, सामू मोजायचं यंत्र नाही. पण तिथल्या मेकॅनिकचा नंबर दिलाय, रविवारी फोन करतोय. त्यांनी 'ये' म्हटलं तरच तिकीट काढीन. आईलाही शेजारी बसवणार आहे.

सोरोटीत_१४_महिने:
छान केलंत. फोनवर आधी 'योगा' म्हणा, तेसोत नमस्कार तसाच करतात. मग घरच्यांची, पावसाची, पिकाची विचारपूस. पाइपाचं शेवटी.