भरडा वाढवला की शेणात पेंढ्याचे लांब तुकडे का येतात?

प्रश्न
गाई-म्हशींना भाताचा पेंढा पोटभर आणि दोन वेळा धान्याचा भरडा. दुधासाठी भरडा वाढवला की शेण पातळ होतं, त्यात पेंढ्याचे लांब तुकडे दिसतात, रवंथ कमी होतो, फॅटही उतरतं. खुराक वाढूनही चाऱ्याचं पचन का बिघडतं? यीस्ट पावडरने फरक पडेल का?

प्रतिसाद १
पेंढ्यातलं सेल्युलोज (त्याचा तंतुमय भाग) तोडणारं विकर (एन्झाइम) जनावराकडे नसतं. ते काम कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस असे जिवाणू आणि काही बुरशी करतात. त्यातून तयार होणाऱ्या असिटिक आम्लावर दुधाचं फॅट अवलंबून असतं, म्हणून चारा पचला नाही की फॅट आधी पडतं.

या जिवाणूंना साधारण ६.२ ते ६.८ सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) मानवतो. ६ च्या खाली त्यांची वाढ जवळपास थांबते. भरड्यातला स्टार्च भराभर आंबून आम्ल साचतं. त्यात रवंथ घटला की लाळ घटते आणि लाळेतला आम्ल मारणारा बायकार्बोनेटही. तिथून घसरण सुरू होते.

तोच भरडा ३-४ वेळांत विभागा, एका वेळी २ किलोच्या वर नको. आधी चारा, मग भरडा. वाढवायचा असेल तर ३-४ दिवसांच्या अंतराने अर्धा-अर्धा किलो. कुट्टी (कापलेल्या चाऱ्याचे तुकडे) २-३ सेंटीमीटरची ठेवा. पीठ केलेल्या चाऱ्याने रवंथ होत नाही.

प्रतिसाद २
सामू सावरला तरी नुसत्या पेंढ्यावर हे जिवाणू उपाशीच राहतात. त्यांना नत्र लागतं. आहारात कच्ची प्रथिनं (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिनं) ७ टक्क्यांखाली गेली की चारा पचणं मंदावतं, आणि पेंढ्यात ती जेमतेम ३-४ टक्के.

नत्र मिळावं म्हणून पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करा: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडा, तुडवून हवा काढा, प्लास्टिकने घट्ट झाका. २१ दिवसांनी उघडा. रोज लागेल तेवढाच काढून तासभर वाऱ्यावर पसरा, अमोनियाचा वास उतरला की मगच द्या. न विरघळलेला खडा पोटात गेला तर विषबाधा होते, इथे अजिबात घाई नको. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नका. गंधक असलेलं खनिज मिश्रण सोबत हवंच.

प्रतिसाद ३
यीस्टबद्दल: जिवंत यीस्ट कोटीपोटात शिरलेला ऑक्सिजन वापरून टाकतं, त्यामुळे ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूंना मदत होते. पण मदत थोडीच. भरडा तसाच राहिला तर पैसे वाया.

खुराकातलं तेलही पाहा. एकूण आहाराच्या शुष्क भागात स्निग्धांश ६ टक्क्यांच्या वर गेला तर तंतू पचवणारे जिवाणू दबतात. आणि जून, लाकडासारख्या चाऱ्यातलं लिग्निन (त्याला कडक करणारा घटक) कोटीपोटात तुटत नाही. तिथे उपाय एकच, वैरण फुलोऱ्यात कापणं.

जनावराने खाणं पूर्ण सोडलं असेल तर घरगुती प्रयोग करत बसू नका. पशुवैद्य निरोगी जनावराच्या कोटीपोटातला कोमट, गाळलेला द्रव नळीने देऊन जिवाणू पुन्हा रुजवू शकतात.