टाळूवरच्या ॲक्टिनिक केराटोसिससाठी पीडीटी: नेमकं काय करतात?

टोपीवाला
डोक्याच्या टाळूवर आणि कपाळावर ॲक्टिनिक केराटोसिसचे (उन्हाने बिघडलेल्या पेशींचे, पुढे कॅन्सर होऊ शकणारे) आठ-दहा खरखरीत डाग. दोनदा द्रव नायट्रोजनने गोठवले, तरी शेजारी नवे येतात. आता पूर्ण टाळूला पीडीटी (फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे औषध लावून त्यावर प्रकाश टाकणं) सुचवली आहे. उन्हानेच बिघडलेल्या त्वचेवर पुन्हा प्रकाशच का? प्रक्रिया कशी असते? आणि याने कॅन्सर खरंच टळतो का?

त्वग्वेध
बिघाड करतो तो उन्हातला यूव्ही, म्हणजे न दिसणारा अतिनील प्रकाश. इथला प्रकाश डोळ्यांना दिसणारा लाल, साधारण ६३५ नॅनोमीटरचा. नुसत्या दिव्याने काहीच होत नाही. मलमातल्या एएलए किंवा एमएएल या औषधापासून बिघडलेल्या पेशी प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाला संवेदनशील द्रव्य बनवतात आणि साठवतात. त्यावर प्रकाश पडला की पेशीतल्याच ऑक्सिजनचं घातक रूप तयार होतं आणि पेशी मरते. गोठवताना दिसतो तेवढाच डाग जातो; आजूबाजूचा न दिसणारा बिघाड राहतो आणि नवे डाग तिथूनच उगवतात. म्हणून पूर्ण टाळू.

खपल्या क्युरेटने (खरवडण्याच्या छोट्या हत्याराने) खरवडतात, रक्त येणार नाही इतपतच. घाईत नेमकी हीच पायरी उरकली जाते आणि मग जाड डाग तसेच राहतात, कारण मलम खाली पोचतच नाही. मग १ मिमी जाडीचा थर, वर हवाबंद पट्टी, त्यावर प्रकाश अडवणारं आवरण, ३ तास. नंतर मलम पुसून दर चौरस सेंटिमीटरला ३७ ज्यूल लाल प्रकाश. एलईडी दिव्याखाली साधारण १० मिनिटं, डोळ्यांवर गॉगल. ३ महिन्यांनी तपासणी. डाग उरले असतील तर पुन्हा एक फेरी.

औषधपेटी
दुखण्याचं कोणी आधी सांगत नाही. दिवा लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत चटका सर्वाधिक, आणि टाळूवर जास्तच. थंड हवेचा झोत, पाण्याचा फवारा, मध्ये थांबा घेणं हे सगळं चालतं. फारच झालं तर नस बधिर करतात. पुढे आठवडाभर लाली, सूज, खपल्या. ४८ तास ऊन आणि प्रखर दिवे टाळा. सनस्क्रीनच्या भरवशावर राहू नका, दिसणारा प्रकाश त्याने पुरेसा अडत नाही.

पॉर्फिरिया (शरीरात पॉर्फिरिन साठण्याचा आजार) असेल तर पीडीटी नाहीच. शेंगदाणा किंवा सोयाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, काही मलमांत त्यांचे घटक असतात.

त्वग्वेध
दुखणं नकोच असेल तर डेलाइट पीडीटी, म्हणजे दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात होणारी, विचारा. सनस्क्रीन, १५ मिनिटांनी खरवडणं, एमएएलचा पातळ थर, पट्टी नाही. अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडायचं आणि सलग २ तास उघड्यावर. १० अंशांखाली किंवा पावसात नको. पॉर्फिरिन साठण्याआधीच थोडंथोडं जळत जातं, म्हणून चटका नाममात्र.

साशंक
शेवटच्या प्रश्नाबद्दल: ‘कॅन्सर टळतो’ हे वाक्य जरा सैल आहे. डाग जातात, नवे येण्याचा वेग मंदावतो, हमी नाही. दुसरं, २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये चार उपचारांची थेट तुलना झाली. वर्षभरानंतर ५ टक्के फ्लुओरोयुरॅसिल मलम यशस्वी ठरलं सुमारे ७५ टक्के रुग्णांत, एमएएल-पीडीटी सुमारे ३८ टक्के. पण ते मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावायचं, चेहरा सोलवटून निघतो आणि काही जण मध्येच सोडतात. पीडीटी एका बैठकीत होते. हा हिशेब डॉक्टरांशी मोकळेपणाने मांडा.

आणि एखादा डाग बुडाशी कडक लागतो, दाबल्यावर दुखतो, रक्त येतं किंवा झपाट्याने वाढतो आहे, तर आधी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. त्यावर आंधळी पीडीटी केली तर वरचा थर बरा दिसतो आणि खाली स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर वाढत राहतो.

टोपीवाला
आभारी आहे. डेलाइटसाठी घरातलं झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन चालेल ना?

त्वग्वेध
नाही. झिंक आणि टायटॅनियम दिसणारा प्रकाशही परतवतात, म्हणजे उपचारच अडतो. फक्त रासायनिक फिल्टरवालं घ्या.