भाची कॅन्सर रिसर्चमध्ये जायचं म्हणतेय, पण त्या लोकांनी नक्की काय केलंय?

पोळी_करपली:
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा एमएस्सी बायोटेक झाली आणि आता कॅन्सरवर पीएचडी करायचीय म्हणून हटून बसलीय. घरात रोज रात्री जेवताना तोच विषय, आमचे दाजी म्हणतात डॉक्टर झाली असतीस तर चार लोकांना बरं तरी केलं असतंस, आता सहा वर्षं उंदीर सांभाळणार का. परवा त्यांनी मलाच विचारलं की एवढी वर्षं एवढी माणसं रिसर्च करतायत तर कॅन्सर गेला का? आणि खरं सांगते मला उत्तर सुचलं नाही. सचिनच्या सेंच्युऱ्या पाठ आहेत पण कॅन्सरवर काम केलेल्या एका मराठी माणसाचं नाव सांग म्हटलं तर मी गप्प. पुरस्कारांची यादी नको, ती गूगलवर मिळते. काम काय केलं आणि कुणाला काय उपयोग झाला ते कोणी सांगेल का?

डेक्कनचा_जुना_भाडेकरू:
दाजींना कमल रणदिवेंची गोष्ट सांगा, कारण त्यांच्या वडिलांचंही हेच म्हणणं होतं, मेडिकलला जा आणि डॉक्टर नवरा कर. बाईंनी दोन्ही ऐकलं नाही. हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसन, वडील तिथेच बायॉलॉजीचे प्रोफेसर. नवरा केला तो गणितवाला आणि १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एमएस्सी केलं ते सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर! सीताफळावरून माणूस कॅन्सरवर कसा जातो, तर लग्नानंतर मुंबईला गेल्या आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले, टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट. १९४९ ला त्यांच्या हाताखाली पीएचडी. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये (आडनाव गाय, हसू नका) टिश्यू कल्चर शिकल्या, म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या. १९५१ मध्ये जिथे हेला पेशी, म्हणजे लॅबमध्ये न थांबता वाढत राहणाऱ्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी, पहिल्यांदा वाढवल्या ती हीच लॅब.

आता मुद्दा असा की बाई तिथे राहू शकल्या असत्या पण परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोन्सशी, आनुवंशिकतेशी, विषाणूंशी काय संबंध हे उंदरांवर तपासत राहिल्या (हो दाजी, उंदीरच). शिवाय कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम. १९८२ ला पद्मभूषण. औषध कुठलं काढलं विचाराल तर एकही नाही, पण आज इथे जो कोणी बाटलीत पेशी वाढवतो तो त्याच वाटेने गेलाय.

आठवड्यातून_एक_गोळी:
माझ्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच. डॉक्टर म्हणाले हे मूळचं कॅन्सरचं औषध, ऐकून आईचा चेहराच उतरला. नंतर शोधलं तर त्यामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव निघाले, आंध्रातल्या भीमावरमचा माणूस, अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन प्रमुख. त्यांच्या टीमने फॉलिक अॅसिडला (पेशी वाढायला लागणारं जीवनसत्त्व) अडवणारी रसायनं बनवली आणि १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यातलं अमायनोप्टेरिन ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) लहान मुलांना देऊन पाहिलं. काही मुलांचा आजार काही महिने का होईना मागे हटला, त्याआधी तेवढंही होत नव्हतं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. सुब्बाराव १९४८ मध्येच गेले. मराठी नाहीत पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

खारघर_लोकल:
रणदिवे बाईंची ती संस्थाच पुढे २००२ मध्ये खारघरला आली, तेच आजचं अॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र. मी तिथला नाही पण दुसऱ्या एका लॅबमध्ये पाच वर्षं घासलीत म्हणून प्रॅक्टिकल सांगतो. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना महिन्याला मिळणारी फेलोशिप, २०२३ पासून ३७,००० अधिक घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पैसे उशिरा येतात कधीकधी, माझे एकदा चार महिने अडकले होते आणि रूममेटच्या डब्यावर दिवस काढले. पेशींना रविवार कळत नाही, गणपतीत सगळे घरी आरती करतायत आणि मी पेशींचं मीडिया (त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव) बदलायला लॅबमध्ये. कंटॅमिनेशन झालं, म्हणजे भांड्यात बाहेरचे जंतू शिरले, की दोन महिन्यांचं काम सिंकमध्ये. भाचीला आधी सहा महिने कुठेतरी प्रोजेक्टवर काम करून बघू दे, मगच ठरवा.

आणि कॅन्सर गेला का याचं उत्तर, कॅन्सर हा एक आजार नाहीच, शेकडो आहेत. काही बरे होतात, काहींना थोपवता येतं, काहींपुढे अजून हात टेकलेले आहेत. ताजं उदाहरण सांगायचं तर आयआयटी बॉम्बेच्या राहुल पुरवार यांचा ग्रुप आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून केलेली कार-टी थेरपी, पेशंटच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) बाहेर काढून कॅन्सर ओळखायला शिकवून परत आत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली. खर्च अजूनही लाखांत आहे, पण अमेरिकेत तो कोटींत जातो. तेव्हा दाजींना म्हणावं डॉक्टर आणि उंदीरवाले दोघं लागतात.

बार्शीलाइट:
सगळे लॅबचंच बोलताय, आमच्या बार्शीचं कुणी काढलंच नाही! गर्भाशयमुखाचा कॅन्सर कशाने होतो, तर एचपीव्ही विषाणूने, हे शोधल्याबद्दल जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ ला नोबेल मिळालं. पण त्या विषाणूची टेस्ट खेड्यातल्या बाईला वाचवते का, हे बघितलं ते शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि टीम. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. आठ वर्षांनी बघितलं तर एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदाच केलेल्या टेस्टने एवढा फरक, २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माझी आत्या त्यातली एक. तिला जर्नल वगैरे काही माहीत नाही, तिला आठवतं ते एवढंच की नर्सबाई तीनदा घरी आल्या तेव्हा कुठे सासू तपासणीला जा म्हणाली.

सरळ_प्रश्न:
काम मोठंच आहे, पण ते ६४ मृत्यू ज्या गटात झाले त्या बायकांची तपासणीच झाली नव्हती, फक्त माहिती दिली होती. यावर नंतर बरीच टीका झालीये, तेही भाचीला माहीत असू दे.

बार्शीलाइट:
बरोबर आहे, टीका झाली. संशोधकांचं म्हणणं की तेव्हा आपल्याकडे सरकारी तपासणी कुठेच नव्हती, म्हणून एरवी मिळते तेवढीच सोय असलेला गट तुलनेला घेतला. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. आत्याची धाकटी जाऊ दुसऱ्या गावची, ती कुठल्या गटात होती कुणास ठाऊक, हा विचार येतोच डोक्यात.

पोळी_करपली:
सगळ्यांचे आभार! काल जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. दाजी सीताफळाला हसले, बार्शीच्या आकड्यांना गप्प बसले आणि भाचीचं सरळ_प्रश्न यांच्या मुद्द्यावर त्यांच्याशी तासभर भांडण झालं, भात गार. शेवटी हात धुता धुता मला म्हणाले, त्या खारघरवाल्याला विचार, तिथे मुलींचं हॉस्टेल कसं आहे. तर खारघर_लोकल, कसं आहे हो?